शैलूच्या गाडीची फळी

शैलेंद्रने गाडीच्या पाठीवर फळी बसवली, त्याच दिवशी त्याच्या बायकोने, मेधाने, स्वयंपाकघरातून निकाल सांगून टाकला. नाताळपर्यंत दोन मिनिटांच्या आत आलास तर गाडी राहील, नाहीतर विकायची. गॅरेज मोकळं झालं की तिथे तिचं ऑफिस. आठ महिने ती कपड्यांच्या कपाटाला पाठ लावून मीटिंगा घेत होती, तेव्हा तिचंही काही चुकत नव्हतं.

दोन मिनिटांचं प्रकरण असं, की मेलबर्नपासून दीड-दोन तासांवर एक वळणावळणाचा ट्रॅक होता. तिथे हौशी लोक आपापल्या गाड्या घेऊन जात आणि गोल गोल फिरून परत येत. शर्यत नाही, बक्षीस नाही, पोचायचं कुठे नाही. भांडण फक्त घड्याळाशी. शैलेंद्रचा एक फेरा दोन मिनिटं तीन सेकंदांत व्हायचा, आणि गेली दोन वर्षं तेवढ्यातच होत होता. पहिल्या वर्षी त्याने टायर बदलले. दुसऱ्या वर्षी सीट बदलली. लॉकडाउनमध्ये त्याने पुढच्या बाजूला जमिनीलगत पुढे आलेल्या पट्टीचा एक काळा ओठ लावला आणि मागे ही फळी. बदलला नव्हता तो फक्त ड्रायव्हर.

हे शेवटचं वाक्य त्याच्या आईचं. हौसाबाई फेब्रुवारीत तीन महिन्यांसाठी लेकाकडे, मेलबर्नच्या टार्निट उपनगरात आली आणि विमानंच बंद पडली. घरात सून एका खोलीत, लेक दुसऱ्या खोलीत, दोन्ही दारं लावलेली. बोलायला जावं तर दोघंही हात हलवून गप्प करत. मग ती गॅरेजमध्ये जाऊन बसायची. तिथे ग्रीसचा वास होता, भिंतीवर पाने ओळीने टांगलेले होते. त्या अख्ख्या देशात तिच्या ओळखीची तेवढीच जागा होती. गाडी गेली की ती जागाही जाणार, हे मेधाच्या ध्यानात नव्हतं आणि हौसाबाई सांगणार नव्हती. सुनेकडे जागा मागण्यातली ती बाई नव्हे.

कारण हौसाबाई म्हणजे पाचगणीहून वाईला टेम्पो उतरवलेली बाई. मालकांचा, म्हणजे शैलूच्या वडिलांचा, हात मोडला तेव्हा ऐन हंगामात दोन वर्षं पसरणीचा घाट तिने एकटीने उतरवला. मागे स्ट्रॉबेरीच्या साठ पेट्या आणि शेजारी चार वर्षांचा शैलू. वाईचा व्यापारी वरच्या पेटीकडे बघायचाही नाही. तो सगळ्यात खालची पेटी काढायला लावायचा. रस गळाला की माल परत. हौसाबाईचा माल एकदाही परत आला नाही. त्याच घाटात एसटीतली माणसं खिडकीतून डोकं काढून ओकत असत, आणि तिच्या टेम्पोत शैलू वाई येईपर्यंत झोपलेला असे.

"आई, ही विंग आहे, फळी नाही," शैलेंद्रने तिला समजावलं होतं. "विमानाचा पंख उलटा केल्यासारखी. हवा वरून दाबते, मागची चाकं रस्त्याला चिकटून राहतात. जेवढी तिरपी, तेवढा दाब."

"चाकं रस्त्याला चिकटवाया ड्रायव्हर असतो," हौसाबाई म्हणाली.

त्याने फळीच्या दोन्ही पायांना पाडलेली भोकं दाखवली. बोल्ट ज्या भोकात घालाल तशी फळी तिरपी होते. त्याने तो शेवटच्या भोकात घातला होता. घ्यायचा तर दाब सगळाच घ्यायचा, असा त्याचा हिशेब.

नोव्हेंबर आला, शहराबाहेर जायची बंदी उठली, आणि ऊन असं पडलं की हौसाबाईला घरात बसवेना. आपल्याकडे हे ऊन चैत्रात पडतं. इथे ते कार्तिकात पडत होतं, पण उन्हाला कोण तिथी विचारतो. तिने तीन दिवस गहू भिजत घातले, वाटले, चीक शिजवला आणि शुक्रवारी सकाळी सोऱ्या घेऊन कुरडया घालायला बसली. जेवणाचं टेबल भरलं. इस्त्रीचं टेबल भरलं. मागच्या हिरवळीवर मुंग्या, आणि कुंपणावर ते काळे-पांढरे पक्षी ओळीने पंगतीला बसल्यासारखे. पातेल्यात अजून पंधरा-वीस कुरडयांचा चीक होता.

आणि दारात गाडी उभी होती. उद्या ट्रॅकवर न्यायची म्हणून शैलेंद्रने ती धुऊन उन्हात ठेवली होती. पाठीवर पाच फूट लांब, काळी, तापलेली, मुंग्यांपासून लांब अशी फळी.

हौसाबाईने तेलाचा हात फिरवून प्लॅस्टिक अंथरलं आणि दोन कुरडया घातल्या. दोन्ही प्लॅस्टिकसकट घसरत खाली आल्या. पुन्हा घातल्या, पुन्हा आल्या. तिने फळीकडे पाहिलं, भोकांकडे पाहिलं आणि गॅरेजमधून तेरा नंबरचा पाना आणला. टेम्पोचं चाक रस्त्यात बदललेल्या बाईला दोन बोल्टांचं काय? फळी सपाट केली, बोल्ट करकचून आवळले, कुरडई घातली. हलली नाही. मग तिने अख्खी फळी भरली.

संध्याकाळी कुरडया कडक वाळल्या. तिने त्या डब्यात भरल्या, फळी ओल्या फडक्याने पुसली आणि शैलूला बोल्टचं सांगायला गेली. शैलू मीटिंगमध्ये होता. त्याने हात हलवला. ती परत आली, डाळ टाकली, आणि डाळीबरोबर ती गोष्ट शिजून गेली.

शनिवारी मेधाला काम होतं. ट्रॅकवर ड्रायव्हरबरोबर एकच मदतनीस चालणार होता, म्हणून शैलेंद्रने आईचं नाव लिहून दिलं. आठ महिन्यांनी हौसाबाई टार्निटच्या बाहेर पडत होती. तिने ठेवणीतलं लुगडं नेसलं आणि त्यावर मास्क लावला.

तिथे शैलेंद्रचा मित्र रिकी भेटला. रिकी वसईचा. मराठी बोलताना मध्येच हिंदीत जायचा आणि इंग्रजीतून परत यायचा, आणि शैलेंद्रला शेली म्हणायचा. त्याच्या गाडीला फळी नव्हती, ओठ नव्हता, आणि एका दाराचा रंगही वेगळा होता. त्याचा फेरा एक मिनिट अठ्ठावन्न सेकंदांत व्हायचा.

"आंटी, टेन्शन नको," तो म्हणाला. "शेली आज दोनच्या आत येणार. एवढी मोठी विंग आहे."

वीस वीस मिनिटांच्या तीन पाळ्या होत्या. पहिल्या पाळीत तिसऱ्याच वळणावर शैलेंद्रची गाडी मागून सुटली आणि भोवऱ्यासारखी फिरून, आली त्याच दिशेला तोंड करून उभी राहिली. तो उतरला आणि टायर गार असतील म्हणाला. दुसऱ्या पाळीत गाडी त्याच वळणावरून गवतात गेली. आता वारा आडवा आहे म्हणाला. केशरी जाकिटातल्या माणसाने येऊन सांगितलं, आणखी एकदा फिरलास तर घरी. शैलेंद्रने टायरमधली हवा कमी केली, मग वाढवली, मग रिकीला विचारून पुन्हा कमी केली.

हौसाबाई कुंपणाशी उभी होती. धुळीने माखलेली गाडी तिच्यासमोर येऊन थांबली तेव्हा तिने फळीकडे पाहिलं. फळी खाटेसारखी आडवी पडली होती. डाव्या बोल्टाला कुरडईचा एक तुकडा चिकटला होता.

शुक्रवारी सांगायची राहून गेलेली गोष्ट तिला आत्ता आठवली.

"शैलू, आरं ती फळी."

"विंग, आई."

"व्हय, तीच. तिचा बोल्ट."

"आई, प्लीज. मी टायर बघतोय. विंगचं मी गेल्याच आठवड्यात मोजून सेट केलंय."

तिसऱ्यांदा तोंड उघडायच्या आधी तिला मालक आठवले.

मालकांनी तिला टेम्पो शिकवला तेव्हा त्याचे ब्रेक अर्धेच लागायचे. महिनाभर ती तसाच टेम्पो चालवायला शिकली. वळण दिसायच्या आधी वेग सोडायचा, चाक हाताने नाही तर अंगाने वळवायचं, आणि वळण संपल्याशिवाय ॲक्सिलरेटर दाबायचा नाही. महिन्याने मालकांनी ब्रेक नीट करून आणले आणि मग सांगितलं, की त्यांना ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. चार दिवस ती त्यांच्याशी बोलली नव्हती. पण त्यानंतर अख्ख्या घाटात तिला कशाची भीती वाटली नाही. मालक जाऊन सहा वर्षं झाली होती. आज त्यांची ती लबाडी तिला अशी आठवली, की मास्कच्या आत तिला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही.

बोल्ट परत शेवटच्या भोकात गेला तर शैलू परत दोन मिनिटं तीन सेकंदांचा होणार. दोन वर्षं तो तेच करत आला होता. वळणात गाडी घुसवायची आणि सांभाळायला काहीतरी विकत आणायचं.

हौसाबाईने बोल्टचा विषय गिळला.

"शैलू, हिकडं बघ," ती म्हणाली. "पहिलं चार फेरं सावकाश घे. मागं साठ पेट्या हायत असं समज. पिकलेल्या. आणि वाईला तो व्यापारी खालची पेटी काढणार हाय."

शैलेंद्रने टायरचा नाद सोडला. त्याने हेल्मेट घातलं आणि आत बसून थोडा वेळ स्टिअरिंगवर नुसते हात ठेवले.

तिसऱ्या पाळीत हौसाबाईने गाडीकडे पाहिलंच नाही. तिने कुंपणाला टेकून कान दिला. मघाशी वळणावर टायर किंचाळत होते. आता ते नुसते पुटपुटत होते. इंजिनाचा आवाज वळणाआधी उतरायचा आणि वळण सरलं की चढायचा, घाटात उतरायचा-चढायचा तसा. रिकीच्या हातातल्या घड्याळावर आकडे येत होते आणि तो ते तिला वाचून दाखवत होता. दोन मिनिटं दोन सेकंद. दोन एक. दोन मिनिटं आणि वर थोडंसं. मग पुढचा आकडा आला नाही. हौसाबाईने मान वळवली.

"एक एकोणसाठ पॉइंट चार," रिकी म्हणाला, आणि दोन हातांचं अंतर विसरून तो तिच्या पाया पडायला वाकला, मग अंतर आठवून मागे सरकला आणि त्याने लांबूनच हात जोडले.

शैलेंद्र गाडीतून उतरला तो पाच वर्षांनी लहान होऊन. त्याने आधी फळीवर थाप मारली.

"बघितलंस, आई? तू फळी फळी म्हणतेस. हे एरोडायनॅमिक्स आहे."

"व्हय बाबा," हौसाबाई म्हणाली.

रिकी फोटो काढायला मागे गेला आणि थबकला. त्याने डोकं वाकडं केलं, मग फोन वाकडा केला.

"शेली, मेट, तुझी विंग तर फ्लॅट आहे. हिला अँगलच नाही."

शैलेंद्रने पाहिलं. फळीकडे पाहिलं, भोकांकडे पाहिलं, डाव्या बोल्टाकडे पाहिलं. आणि मग आईकडे. हौसाबाई लांबच्या निलगिरींची पानं मोजत होती.

"हो," शैलेंद्र म्हणाला. "मुद्दाम. सरळ रस्त्यावर वारा अडत नाही. लो ड्रॅग सेटअप."

"आणि हे पांढरं काय?"

शैलेंद्रने पुढे होऊन बोल्टावरचा तुकडा नखाने काढला, मास्क खाली ओढला आणि पुरावा चावून टाकला.

"सीलंट," तो म्हणाला.

रिकीने आपल्या वहीत ते लिहून घेतलं.

मायलेकरं परतीच्या वाटेला लागून अर्धा तास झाला होता. दोन्ही बाजूंना पिवळं पडत चाललेलं गवत आणि मेंढ्या. शेवटी शैलेंद्रने विचारलं, ट्रॅकवर तुला कळलं होतं ना? तिने हो म्हटलं. मग सांगितलं का नाहीस? त्यावर तिने मालकांच्या अर्ध्या ब्रेकची गोष्ट सांगितली. ती त्याने कधी ऐकली नव्हती. तो हसला, आणि मग बाबा आपल्याला टेम्पो का शिकवत नसत ते त्याने विचारलं.

"तू झोपायचास," हौसाबाई म्हणाली. "टेम्पोत बसला की झोपला. झोपलेल्याला काय शिकवायचं?"

पुढे एक लांब उतार आला, त्याला चार वळणं होती. शैलेंद्रने वेग आधीच सोडला. गाडी वळली, पण अंगाला वळण कळलं नाही. हौसाबाई दुसऱ्या कुणाच्या गाडीत जन्मात झोपली नव्हती. दुसऱ्याच्या हातात चाक असलं की तिचा पाय नसलेला ब्रेक दाबत राहायचा. त्या उतारावर तिचा पाय कधी थांबला ते तिलाही कळलं नाही.

गाडी टार्निटला गॅरेजमध्ये शिरली तेव्हा मेधा हातात मोजपट्टी घेऊन उभी होती. भिंतीवर पेन्सिलने तिने टेबलाची खूणही करून ठेवली होती. शैलेंद्रने इंजिन बंद केलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोल. आई झोपलीय."

मेधाने खिडकीतून वाकून पाहिलं. सासूला दुपारीसुद्धा झोपलेलं तिने कधी पाहिलं नव्हतं. आवाज खाली आणून तिने विचारलं, किती? शैलेंद्रने सांगितलं. मेधाने मोजपट्टी गुंडाळली. बाई शब्दाची पक्की होती. कपाटाला पाठ लावून आणखी वर्षभर बसेन, म्हणाली, पण त्या फळीत नक्की असं काय आहे ते मला एकदा समजावून सांग.

शैलेंद्र काय सांगावं याचा विचार करत होता, तेवढ्यात शेजारच्या सीटवरून डोळे मिटूनच आवाज आला.

"शैलू, बोल्टाला हात लावू नको. उद्या सांडगं घालायचं हायत."