मी बसलो तर ढकलंल कोण

“तू बसलास का कवा ह्याच्यात? खरं सांग. एकदा तरी?”

उत्तमराव ओरडत होते. समोर सिंगापूरचा एक गणवेशातला माणूस हसतमुखानं उभा होता आणि त्याच्या पाठीमागे पाळणा होता. पाळणा म्हणजे केवढा, तर परभणीची पाण्याची टाकी येलदरीच्या धरणावर ठेवली आणि तिच्यावर आमचे हबीबभाई टाचा उंचावून उभे राहिले, तरी त्यांचा हात त्याच्या गुडघ्यालाच लागला असता. वरचे डबे ढगात शिरायचे आणि खाली येताना काचेवर दव घेऊन यायचे. रांगेत साऱ्या दुनियेची माणसं खोळंबली होती आणि उत्तमराव त्या माणसाचा रस्ता अडवून मराठवाडी मराठीत त्याची उलटतपासणी घेत होते.

“हसू नको. बसलास का न्हाई तेवढं सांग.”

हबीबभाईंनी दुभाषाचं काम अंगावर घेतलं. “भाई, ये पूछ रहे, तुम कब्भी बैठे क्या इसमें?” तो तमिळ निघाला. त्याला हेही समजेना. शेवटी मी त्याच्याकडे बोट केलं, मग पाळण्याकडे, मग जमिनीवर बसून दाखवलं. त्याच्या डोक्यात उजेड पडला. त्यानं मान हलवली. नाही.

उत्तमरावांनी कपाळावर हात मारला आणि रांगेकडे वळून जाहीर केलं, “बघा. सगळ्या जगाला वर नेतो आन स्वतः खाली उभा.”

रांगेतल्या एका गोऱ्या म्हातारीनं टाळ्या वाजवल्या. तिला वाटलं, खेळ सुरू झाला.

तर हे आमचे उत्तमराव. येलदरीच्या वीजघरात त्यांची सगळी नोकरी झाली. पाणी पडायचं, चाक फिरायचं, आणि परभणीत बल्ब लागायचा. न लागला तर तो दोष चाकाचा नव्हे, असं ते आजही छातीवर हात ठेवून सांगतात. निवृत्त झाले आणि आमच्या गल्लीत राहायला आले. पहिल्याच संध्याकाळी आमच्या ओट्यावर बसून म्हणाले, “इतके दिवस फिरणारी चाकं नुसती बघितली. आता बसून बघायची.” त्या वाक्यातून आमचं गगनविहारी मंडळ जन्माला आलं. सभासद तीन: उत्तमराव, पंखे-मोटारी दुरुस्त करणारे हबीबभाई, आणि मी. मंडळाचं काम एकच. जिथं कुठं माणसाला पट्टा बांधून उलटं करतात, तिथं जायचं.

उत्तमरावांच्या पत्नी शांताबाई मंडळात आल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “घरात झोका हाय. त्याच्यावर बसा. व्हिसा लागत न्हाई.”

मी सांगतो त्यातलं निम्मं सोडून द्यावं, असं माझ्या घरातलेच लोक पाहुण्यांना आधी सांगून ठेवतात. खुशाल सोडा. उत्तमराव तरी पुरे उरतील.

आम्ही खोपोलीकडे गेलो. तिथल्या एका माणसाला उलटंपालटं करणाऱ्या झुकगाडीवर हबीबभाईंची कवळी उडाली. आम्ही हळहळलो. गाडी पुढची फेरी घेऊन त्याच वळणावर आली तेव्हा कवळी तिथंच हवेत तरंगत वाट बघत होती. हबीबभाईंनी फक्त तोंड उघडलं. “अल्ला का करम,” ते खाली उतरून म्हणाले, “और थोडा मेरा निशाना.” आम्ही हैदराबादकडे गेलो, दुबईला गेलो. दुबईत वाळवंटाच्या मधोमध बर्फावरून घसरलो, आणि शांताबाईंनी विणलेले मफलर बांधलेले आम्ही तिघं बघून तिथल्या पेंग्विननी वाट सोडली.

पण उत्तमरावांची गंमत पाळण्यात बसल्यावर नव्हती, बसण्याआधी होती. कुठल्याही पार्कात शिरले की ते आधी खटका दाबणारा माणूस हुडकायचे. “जयभीम” म्हणायचे. आणि लगेच तोच प्रश्न. बसलास का कवा? तो नाही म्हणाला की यांचा जीव कासावीस. मग स्वतःची जागा त्याला द्यायची, त्याच्या साहेबाला शोधायचं, त्याच्यापुढं गयावया करायची, मनधरणी करायची, काही वेळा त्याला धमकवायचं. “चालवणाऱ्यानं बसलंच पाहिजे,” हा त्यांचा कायदा. का, असं विचारलं तर म्हणायचे, “न्हाईतर ते चाक उपाशी राहतं.” चाकाला कसली भूक, असं मी एकदा विचारलं. त्यांनी माझ्याकडे अशा दयेनं पाहिलं की मी आठवडाभर त्यांच्या ओट्यावर फिरकलो नाही.

हा कायदा पार्कापुरताच असता तर चाललं असतं. गल्लीतल्या न्हाव्याला त्यांनी त्याच्याच गरगरत्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः पाय मारून फिरवलं. बिचाऱ्याच्या हातात वस्तरा आणि अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक भिंतीला चिकटून उभं. झरीला एका लग्नात त्यांनी आचाऱ्याला पहिल्या पंगतीत बसवलं. “तू बस, मी वाढतो.” आचारी बसला, मग त्याचे मदतनीस बसले. वरपक्ष हात धुऊन उभाच. नवरदेवाचा मामा मला विचारू लागला, “हे तुमचे पाव्हणे कोणाकडून आलेत?” मी म्हणालो, पलीकडून. मांडवाला दोनच बाजू असतात, त्यामुळे हे उत्तर नेहमी चालतं.

एकदाच हा कायदा मला लख्ख पटला. हैदराबादकडच्या एका पार्कात मोठ्या मिशांचा एक ऑपरेटर होता. जन्म त्या खटक्यापाशी गेलेला. साहेब जेवायला गेला होता म्हणून तो उत्तमरावांना हो म्हणाला. दुसऱ्या माणसानं खटका धरला आणि मिशा वर गेल्या. आम्ही खालून पाहत होतो. पाळणा उतरला तरी तो उठेना. मग हळूच म्हणाला, “मेरे कू मालूमच नै था. उप्पर से तालाब दिखता. मैं रोज उसके बाजू से आता, और इत्ता बडा है करके मालूमच नै था.” उत्तमराव पुढं झाले. त्याच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. त्या दिवशी ते स्वतः कशातच बसले नाहीत, तरी परतीच्या रेल्वेत खिडकीशी गुणगुणत होते, वरून आल्यासारखे.

सिंगापुरात मात्र त्यांचं काही चाललं नाही, तेव्हा शेवटी आम्हीच बसायला निघालो. आता तो पाळणा थांबत नाही. इतका सावकाश फिरतो की चालत्या डब्यात चढायचं असतं. उत्तमरावांना वाटलं, बंद पडला. आमच्याकडे जत्रेत लाकडी पाळणा अडला तर माणसं बघत बसत नाहीत. चपला काढतात आणि खांदा लावतात. उत्तमरावांनी बूट काढले. “हबीबभाई, डावीकडून. तुमी उजवीकडं.” तिघांनी त्या काचेच्या खोलीला खांदा दिला आणि उत्तमरावांनी कुणी मुद्दाम शिकवल्यासारखी एक लांब हाळी दिली, “हो ऽऽ चल, बाळा, वर ऽऽ.” गणवेशवाले धावत आले. त्यांनी फार अदबीनं आम्हाला बाजूला घेतलं, पाणी दिलं, बूटसुद्धा आणून दिले. उत्तमराव आजही म्हणतात, आपण हात लावल्यावर पाळण्यानं वेग धरला होता. मी तिथं होतो. धरला होता.

वर गेल्यावर ते काचेपाशी जाऊन उभे राहिले. खाली समुद्र होता, त्यात मुंग्यांएवढी जहाजं. ढग काचेला गाल लावून जात होते. त्या उंचीवर माणूस स्वतःचं वजन खाली विसरून येतो. मी विचारलं, “ती हाळी कुठं शिकलात?”

“आबाची हाय,” ते म्हणाले.

आणि मग, समुद्राकडेच बघत, त्यांनी सांगितलं. त्यांचे वडील, राणीसावरगावचे मारोती आबा, जत्रांमधून पाळणा ढकलायचे. चार पेट्यांचा लाकडी पाळणा, ना इंजिन ना मोटार. खाली आलेली पेटी खांद्यावर घ्यायची आणि वर फेकायची, ती गेली की पुढची. पोरं वरून ओरडायची. त्या काळी पाळण्यात कोणाच्या पोरांनी बसायचं आणि कोणी ढकलायचं हे गावानं ठरवून दिलेलं असायचं. तो काळ गेला. आबांनी उत्तमरावांना शिकवलं, नोकरीला लावलं; पुढं कोणी आबांना अडवणारंही राहिलं नाही. पण आबा बसले नाहीत ते नाहीतच. उत्तमराव दर जत्रेला मागं लागायचे आणि आबा दर वेळी एकच बोलायचे, “मी बसलो तर ढकलंल कोण?”

“आता त्येंला दिसतबी न्हाई,” उत्तमराव म्हणाले. “मी दुनिया बघायलोय वरून. आन ते अजून खालीच.”

डबा उतरायला लागला. हबीबभाईंनी कवळी काढून रुमालात गुंडाळली. भावना आवरायच्या असल्या की ते असं करतात.

गेल्या उरुसात परभणीच्या मैदानावर पाळणा लागला. साधाच, डिझेल इंजिनवर चालणारा, लाल-हिरव्या पेट्यांचा. उत्तमराव हबीबभाईंच्या टेम्पोतून राणीसावरगावला गेले आणि आबांना घेऊन आले. पुढच्या सीटवर उशा लावून बसवलेले आबा म्हणजे धुऊन वाळत घातलेलं धोतर, वाऱ्यानं उडून जाईल एवढे हलके. फक्त उजवा खांदा डाव्याहून खाली उतरलेला, आणि त्यावर सदऱ्याच्या आतूनही कळेल असा एक टणक उंचवटा.

मैदानात दिवे लागायची वेळ होती. आबांनी नाक वर करून वास घेतला. भजी, धूळ, अत्तर. “जत्रा हाय,” ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा एकदम तरुण झाला. पाळण्यापाशी मात्र ते थबकले.

“आबा, आज बसायचं,” उत्तमराव म्हणाले.

“खुळा झालास का. मी बसलो तर—”

“मी ढकलतो.”

आबांनी आंधळे डोळे लेकाच्या आवाजाकडे वळवले. मागं लोक कुरकुरायला लागले. “तुला जमंल?”

“तुमचाच हाय मी.”

पाळणेवाल्याशी उत्तमरावांनी आधीच बोलून ठेवलं होतं. दुपारी त्याला स्वतःला बसवून वर फिरवून आणलं होतं, त्यामुळे तो आता यांच्यासाठी जीव द्यायला तयार होता. त्यानं इंजिन अगदी मंद ठेवलं. आबांना धरायला त्यांच्याशेजारी मी बसलो. आयुष्यात पहिल्यांदा मला पाळण्यात भीती वाटली. आबा पडतील याची नव्हे, ते उतरतो म्हणतील याची.

आमची पेटी वर निघाली. खालून हाळी आली, “हो ऽऽ चल, आबा, वर ऽऽ.”

आबांनी दांडी सोडली आणि हात मांडीवर ठेवले. जत्रेचा गलका खाली खाली गेला, जसा अंगावरून पांघरूण सरकतं. वर वारा होता. मैदान कापसाच्या वातीसारख्या दिव्यांनी भरलं होतं, त्यापलीकडे शहर, त्यापलीकडे काळी रानं, आणि आभाळ इतकं जवळ की टोपी लागावी.

“काय दिसायलंय?” आबांनी विचारलं.

“सगळं,” मी म्हणालो.

“सावरगाव?”

राणीसावरगाव तिथून कोसांवर आहे, मधे अख्खी गोदावरी. “दिसतंय की,” मी म्हणालो. “देवळाचा कळस दिसायलाय. तुमचं घर, ओसरीतली चूल. जत्रेचं रान. तुमचा पाळणा उभा हाय आबा, पोरांची रांग लागलीय.”

आबा ऐकत होते, तोंड किंचित उघडं ठेवून, गोष्ट ऐकणाऱ्या लेकरासारखे. मग त्यांनी मान जरा कलती केली. खाली इंजिन धकधकत होतं. ते काही लपण्यासारखं नव्हतं.

“इंजन हाय ना ह्ये?”

थापा मारण्यात मी कोणाला हार जात नाही, पण त्या कानांपुढं जीभ वळेना. “हाय, आबा.”

“मंग उत्तम खाली काय करायलाय?”

मी वाकून पाहिलं. दिव्याच्या उजेडात उत्तमराव अनवाणी उभे होते. सदरा घामानं पाठीला चिकटला होता. खाली येणाऱ्या प्रत्येक पेटीला, तिच्यात कोणीही असो, ते खांदा लावत होते, वर लोटत होते आणि पुढच्या पेटीकडे वळत होते.

“ढकलायलाय,” मी म्हणालो.

आबांनी मान डोलावली. आम्ही पुन्हा खाली गेलो, पेटीला खांद्याचा धक्का लागला, पुन्हा वर आलो. दर वेळी धक्का लागला की आबा डोळे मिटायचे.

पाळणा थांबला. उत्तमरावांनी आबांना लहान पोरासारखं उचलून खाली ठेवलं. लेकालाच धाप लागली होती. कसेबसे एवढंच म्हणाले, “आबा, कसं वाटलं?”

आबांनी हात पुढं करून लेकाचा खांदा चाचपला. ओला होता. त्यांनी तो अंगठ्यानं जरा दाबून पाहिला.

“जरा हळू ढकलायचं,” ते म्हणाले. “खांदा जातो.”