एका गोळीसाठी खाट अडवल्याची हकिकत

थोरल्या सूनबाईंनी पुसले की, मामंजींच्या सुटीचे दिवशी इस्पितळात ऐसे काय रण माजले की दोन बडे डॉक्टर एका खाटेशी येऊन उभे राहिले, ते साद्यंत लिहून ठेवावे. त्यावरून लिहिले. आमचे अक्षर वाकडे आहे. मजकूर सरळ आहे.

घरधन्यांचे काळीज पूर्वीपासून बेताल चाले, सबब रक्त पातळ करणारी गोळी रोज रात्री तैनात होती. मग हर्नियाचे ऑपरेशन ठरले आणि सर्जनसाहेबांचा हुकूम सुटला की, रक्त फार जाईल, गोळी बंद करावी. गोळी बंद जाहली, ऑपरेशन फत्ते जाहले आणि सुटीचे सकाळी शिकाऊ डॉक्टर, उमर कोवळी, डोळ्यांत झोप, डिस्चार्जचा कागद घेऊन दाखल जाहले. कागद मोठा खानदानी. रक्त, लघवी, छातीचा फोटो, टाके, सर्व मंडळी हजर. आम्हांस इंग्रजी येत नाही, म्हणून त्याचा फोटो घरच्या डॉक्टरांस रवाना केला, आणि त्यांचा उलट फोन आला तो ऐसा:

"वहिनी, पानं भरपूर आहेत, पण उद्यापासून मी काय करायचं ते कुठंच नाही. ती गोळी परत कधी सुरू करायची? उशीर झाला तर रक्ताची गाठ मेंदूत जायची, घाई केली तर टाक्यातून रक्त यायचं. लिहून घेतल्याशिवाय हलू नका."

कारण ऐसे की, या दरबारची रीत, सुटीच्या कागदावरील औषधे त्या सकाळच्या वॉर्डाच्या तक्त्यावरून उतरून घ्यावी. आणि तक्त्यावर ती गोळी कोठून असावी, यांनीच तर बंद केलेली.

मग आम्ही चपला काढल्या आणि खाटेवर मांडी ठोकली. घरधनी बूट घालून खुर्चीत तयार. म्हणाले, "अगं, चल ना. घरी जाऊन विचारू."

"घरी कोणाला विचारू, फ्रिजला?"

त्यांनी बुटाच्या नाड्या सोडल्या. गृहस्थ शूर, परंतु आमचेपुढे नव्हे.

शिकाऊ डॉक्टर बोलिले, "आजी, सगळं लिहिलंय की."

"लिहिलंय, बाळा. तेवढं सोडून."

त्यांचे मनी ऐसे होते की हा कागद विमावाल्यांकरिता लिहावयाचा, एक तपासणी कमी पडली तर ते परत धाडतात. माणूस तो वाचतो ही बातमी त्यांस नवीन होती. मग त्यांनी वरच्या मजल्यावर सर्जनसाहेबांकडे वर्दी धाडली. तिकडून फर्मान आले की, आमचे मते कागद एक पान बस आहे, टाके कधी काढावे इतके लिहावे, गोळी हृदयवाल्यांची, त्यांस पुसावे. मग खालच्या मजल्यावर हृदयवाल्या साहेबांकडे वर्दी गेली. त्यांचे म्हणणे की, कागद तपशीलवार असावा, परंतु दुसऱ्याच्या कागदात आम्ही हात घालीत नाही, बंद केली ज्याने त्याने सुरू करावी. ऐसे दोन्ही दरबार एकमेकांकडे बोट करून स्वस्थ बसले, आणि गोळी मध्ये बेवारस.

इतक्यात मुख्य सिस्टरबाई चाल करून आल्या, आणि दारात चाकाच्या खुर्चीत एक बाई आणून उभ्या केल्या, पित्ताशयात खडे, चेहरा पिवळा. म्हणाल्या, "आजी, यांना खाट हवीय. जरा माणुसकी दाखवा."

हा वार आमच्या वर्मी लागला. पाय खाली सोडले होते, खोटे कशास लिहावे. परंतु खडेवाल्या बाईंनी पुसले, "कशासाठी बसलात हो?" आणि आम्ही सांगितले. बाई बोलिल्या, "मग बसा, ताई. मी खुर्चीत बरी आहे. उद्या मलाही जायचंच आहे की घरी."

ही कुमक पाहून सिस्टरबाईंचा धीर खचला. त्यांनी जातीनिशी फोन उचलला आणि दोन्ही साहेबांस एकाच वेळी खाटेशी हजर केले. उभयता एका इमारतीत चाकरीस. परंतु या गोळीपायी एकाने दुसऱ्यास शब्द विचारला नव्हता. आता हृदयवाल्यांनी सर्जनसाहेबांस पुसले:

"जखम कोरडी आहे?"

"आहे."

"मग उद्या रात्रीपासून द्या."

"द्या."

इतकेच. एवढ्या वेळात आमचे घरधनी सदऱ्याचे बटणही लावीत नाहीत. शिकाऊ डॉक्टरांनी कागदाच्या माथ्यावर ठळक मराठीत लिहिले, 'रक्त पातळ करणारी गोळी उद्या रात्रीपासून सुरू.' सर्जनसाहेबांनी सही ठोकली आणि वॉर्डास हुकूम फर्माविला की, यापुढे प्रत्येक कागदावर गोळ्यांची ओळ अव्वल असावी. घरच्या डॉक्टरांनी फोनवर दाखला दिला, "आता हा कागद झाला, वहिनी." मग आम्ही खाट स्वखुशीने खाली केली, खडेवाल्या बाईंस हाताने धरून तीवर बसविले, आमचा फोन नंबर दिला आणि घरधन्यांसह सुखरूप स्वगृही दाखल जाहलो.

दुसरे रात्री जेवणानंतर गोळी घरधन्यांचे पोटी रुजू जाहली. आमचे बाजूस नुकसान काही नाही. शत्रूकडील दोन साहेबांचा चहा निवाला. ऐसी ही एका ओळीची फत्ते, मोठ्या कष्टाने साधली, ती खरी म्हणून येथे नमूद केली.

हे लिहून शाई वाळते न वाळते तोच खडेवाल्या बाईंचा फोन आला. त्यांस आजच सुटीचा कागद मिळाला होता.

"ताई, माझ्या कागदावर सगळ्यात वर लिहिलंय, रक्त पातळ करणारी गोळी उद्या रात्रीपासून सुरू. अहो, मी असली गोळी जन्मात घेतली नाही."

आम्ही आज्ञा केली की, खाट सोडू नये. निघालो आहो.