सासूबाई चादरीसह उडून गेल्याबाबत

इंग्रजी ही जगाशी संवाद साधण्याची भाषा आहे. आमच्या तोर्रेओर्नोस गावी जगातून आजवर एकच इंग्रज आला. त्याच्या गाडीचे चाक फुटले होते आणि त्याने चाकाकडे बोट दाखवले.

तरीही स्पेनमध्ये हल्ली सरकारी नोकरीत कायम व्हायचे तर इंग्रजीचा दाखला लागतो. पाण्याचे मीटर वाचणाऱ्याला लागतो, दफनभूमीच्या फाटकाची किल्ली सांभाळणाऱ्यालाही लागतो. म्हणून गावात माझी शिकवणी चालते. निबंधात बारा जोडशब्द आणि पाच भावना आल्या की विद्यार्थी पास. जोडशब्द म्हणजे इंग्रजीतले 'तथापि', 'परिणामी', 'एकीकडे', 'दुसरीकडे'. भावना मात्र जोरकस हव्यात. 'वाईट वाटले' याला अर्धा गुण, 'उद्ध्वस्त झालो' याला दोन. मजकूर खरा असावा, असे गुणांच्या तक्त्यात कुठेही म्हटलेले नाही.

विषय दरवेळी एकच असतो: 'माझ्या आयुष्यातील सर्वांत दुःखद दिवस'. पाठ करायला विद्यार्थ्यांना नमुना निबंध हवा होता, आणि त्यासाठी कुणीतरी जाणे आवश्यक होते. माझ्यासमोर सासूबाई एउलालिया बदाम फोडत बसल्या होत्या.

निबंध उत्तम उतरला. 'एकीकडे एउलालिया आजी गच्चीवर चादर वाळत घालत होत्या. दुसरीकडे उत्तरेचा वारा सुटला होता. शिवाय आजींचे वजन अडतीस किलो होते. परिणामी त्या चादरीसह उडून गेल्या. आम्ही उद्ध्वस्त झालो. तथापि, चादर सापडली.' असा तो पुढे दीड पान चालतो. नाव, आडनाव आणि पत्ता मी खराच ठेवला. स्थानिक तपशिलाला एक गुण असतो.

एक्केचाळीस विद्यार्थ्यांनी तो शब्दशः उतरवला आणि परीक्षा खात्यापुढे पेच पडला. ही नक्कल ठरवावी तर चौकशी समिती नेमावी लागणार, तिच्या तीन बैठका होणार आणि नऊ प्रकारचे अर्ज भरावे लागणार. मृत्यू ठरवला तर एका पत्रात काम भागत होते. खात्याने निबंधांना एक्केचाळीस प्रत्यक्षदर्शींचे एकमुखी जबाब मानले आणि नोंदणी कचेरीला मृत्यूची नोंद करण्यास कळवले.

पुढच्याच आठवड्यात इस्पितळाचे पत्र आले. सासूबाई मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी चौदा महिने रांगेत होत्या. नऊ जून ही तारीख मिळाली होती, ती रद्द. कारण: रुग्ण चादरीसह उडून गेल्याने गरज उरलेली नाही. पत्र मीच वाचून दाखवले, कारण त्यांना दिसत नव्हते.

"उडून गेले म्हणे!" सासूबाई म्हणाल्या. "कुठं पडले, ते लिहिलंय का जावईबापू? समुद्राकाठी असेल तर माझी हरकत नाही."

"छापायची चूक असेल, सासूबाई."

"पत्ते खेळताना मला पानं दिसत नाहीत म्हणून ती शेजारची तोमासा वर्षभर मला लुबाडतेय. नऊ तारखेला मी तिचा हिशेब चुकता करणार होते. उठा, चला कचेरीत."

कचेरीत अन्सेल्मो बसतो. तो आमच्या समोरच्याच घरात राहतो आणि माझा विद्यार्थी आहे. निबंधात त्याला दहापैकी नऊ.

"अन्सेल्मो, काल तुझ्या आईला अंडी कुणी दिली रे?"

"तुम्हीच, आजी. छान होती."

"मग मी मेले कशी?"

"आजी, अंड्यांचं तोंडी झालं. तुम्ही गेलात ते लेखी आहे. सरांच्या नमुन्यावरून मी स्वतः लिहिलंय." त्याचा आवाज भरून आला. "उद्ध्वस्त झालो होतो हो."

सासूबाईंनी तिथल्या तिथे अर्ज दिला: 'मी जिवंत आहे. एउलालिया.' चार दिवसांनी तो शेरा मारून परत आला. विधान कशालाही जोडलेले नाही. तसेच जिवंत असल्याबद्दल अर्जदारास काय वाटते, याचा उल्लेख नाही.

शेवटी अन्सेल्मोनेच कानात सांगितले, "आजी, इंग्रजीची परीक्षा द्या. दाखल्यावर 'उमेदवार स्वतः हजर होता' असं छापलेलं असतं. त्याच्यापुढं आमची कचेरीसुद्धा काही करू शकत नाही."

परीक्षा मेअखेर होती. घरी येताच सासूबाईंनी बदामांची परात बाजूला सारली.

"तुम्ही मारलंत, आता तुम्हीच शिकवा."

जोडशब्द त्यांना दोन दिवसांत आले. "तथापि म्हणजे हुकमाचं पान शेवटपर्यंत दाबून ठेवणं, एवढंच ना?" भावनांवर मात्र गाडी अडली.

"पाच भावना लागतात, सासूबाई."

"मला दोनच वाटतात. भूक, आणि तुमचा राग."

त्यांनी अखेर निबंध घोकला. परीक्षेत बदामाएवढ्या अक्षरांत लिहिल्यामुळे अकरा पुरवण्या लागल्या. विषय अर्थातच तोच आला. त्यांना पैकीच्या पैकी गुण मिळाले. परीक्षकाने शेरा दिला की, लेखिका दिवंगत आजींच्या अंतरंगाशी पूर्ण समरस झाली आहे.

दाखला पाहून अन्सेल्मोने मृत्यूच्या नोंदीपुढे 'तूर्त स्थगित' असा शिक्का मारला. ऑपरेशन नऊ जूनलाच झाले.

डोळ्याची पट्टी निघाल्यावर सासूबाईंनी माझ्याकडून तो निबंध मागून घेतला. आजवर त्यांनी तो फक्त ऐकला होता. आता खिडकीत बसून त्यांनी तो दोनदा वाचला. मग वर छताकडे पाहिले.

"जावईबापू, गच्ची कुठली हो?"

एक्केचाळीस गावकऱ्यांनी ते लिहिले. परीक्षा खात्याने तपासले, नोंदणी कचेरीने शिक्का मारला. सासूबाईंनी स्वतः ते पाठ केले. तुम्हीही इथवर वाचत आलात. जोडशब्द जागच्या जागी होते.

आमचे घर कौलारू आहे.