मुलुखियावरचा शहका

डॉक्टर शहिनाजने दवाखान्याच्या भिंतीवर मुलुखियाची पालेभाजी शिजवायच्या सहा पायऱ्या लिहून चिकटवल्या होत्या. सहावीत होतं, लसूण-धण्याची फोडणी पातेल्यात ओतावी. त्याखाली लाल शाईने, ओतताना तोंड बंद ठेवावे.

"म्हणजे शहका द्यायचा नाही?" रांधायला आलेल्या इन्शिराहने विचारलं.

"पातेल्यावर तोंड वासून हाऽ करायचं ही अंधश्रद्धा आहे. थुंकी उडते."

"श्वास आत जातो, डॉक्टरीणबाई. थुंकी बाहेर कशी येईल?"

डॉक्टरीणबाईंनी लाल ओळीवर बोट ठेवलं. शिकलेल्या माणसांचा वाद कागदावर संपतो.

मीत सहल गावात कुठल्याही बाईला विचारा. फोडणी चर्रकन हिरव्या रश्शात पडते, त्याच क्षणी ओतणारीने छाती भरून, दचकल्यासारखा श्वास आत ओढायचा. तो शहका. तो चुकला की मुलुखिया पडते, म्हणजे पाला तळाशी बसतो आणि वर नुसतं पाणी राहतं. का, ते कोणी विचारत नाही.

पण इन्शिराहने मान डोलावली. दवाखान्यात स्वयंपाकिणीची कायमची जागा निघाली होती. गावातल्या बायकांना स्वस्त, पौष्टिक भाज्या सोप्या रीतीने शिजवून दाखवायच्या. नवरा गेल्यापासून बारा वर्षं ती लोकांच्या लग्नांत रांधत होती आणि नाव मात्र शहरातून आलेल्या आचाऱ्याचं होत होतं. तिला एकदा, एका तरी कागदावर, स्वयंपाकीण म्हणून स्वतःचं नाव हवं होतं. दुपारी जिल्ह्याचे आरोग्य अधिकारी मुफीदसाहेब येऊन भाजी चाखणार आणि जागेवर सही करणार होते. तोंड बंद ठेवीन, असा तिने शब्द दिला.

गरिबांना पालेभाजी खायला शिकवावी, हे फक्त राजधानीतल्या माणसाला सुचू शकतं. मीत सहलमध्ये मांस ईदला दिसतं. एरवी कांदा-टोमॅटोच्या पाण्यात मुलुखिया, नाहीतर कालव्याकाठी फुकट उगवणारी खुबेझाची रानभाजी. मूठभर पाल्यावर सात माणसं जेवू घालणाऱ्या तीस बाया समोर बसवल्या होत्या आणि फळ्यावर लोह, जीवनसत्त्वं लिहून त्यांना सांगत होते की पाला चांगला असतो.

पहिलं पातेलं कागदाबरहुकूम झालं. झाकण ठेवून वीस मिनिटं उकळी. मग इन्शिराहने फोडणी ओतली, ओठ घट्ट मिटून. खोलीत चर्र एवढाच आवाज झाला.

पुढच्या रांगेतल्या, हज करून आलेल्या हाज्जा नबवियांनी शेजारणीला विचारलं, "मी बहिरी झाले, का हिने दिलाच नाही?"

पातेल्यात डाव फिरवला. पाला तळाशी होता.

मग एकीला आठवलं की आज तिचा रोजा आहे. दुसरीची दाढ दुखायला लागली. तिसरी पोटुशी होती आणि पडलेली मुलुखिया पोटुशीने कशी खायची, असं तिच्या सासूने परस्पर ठरवून टाकलं. डॉक्टरीणबाईंनी स्वतः एक चमचा खाल्ला आणि चेहरा शास्त्रीय ठेवला. फार उकळल्यामुळे पाला बसला, शहक्याचा काही संबंध नाही, असं त्यांनी समजावलं.

"वीस मिनिटं लिहिली कोणी?" हाज्जांनी विचारलं.

साहेब यायला अर्धा तास होता. बायांनी सकाळच्या बाजारातून घेतलेल्या जुड्या पिशव्यांतून काढून दिल्या. कोणी पानं खुडली, कोणी लसूण ठेचला. इन्शिराहने दोन मुठींचं अर्धगोल पातं डोलवत पाला असा बारीक केला की बघणाऱ्याला डुलकी यावी. कांद्याच्या पाण्याला उकळी येताच पाला आत, बुडबुडा दिसताच आच बंद. कागदाकडे तिने पाहिलं नाही. पण डॉक्टरीणबाई कानाशी पुटपुटल्याच, "तोंड बंद. शब्द दिलायस."

तिने फोडणी उचलली. ओठ मिटलेले, डोळ्यांत पाणी. तीस बाया पातेल्याकडे बघत होत्या. फोडणी पडली आणि तीस छात्यांनी मिळून असा शहका दिला की खिडकीचा पडदा आत ओढला गेला.

शेजारच्या खोलीत सुयांसाठी रांगेत बसलेली पोरं एकदम रडायला लागली. त्यांच्या आया ओरडल्या. पहारेकरी वाळूची बादली घेऊन धावला आणि ती दारातच सांडून बसला. बाहेर मुफीदसाहेबांनी गाडीतून एक पाय खाली ठेवला होता. गॅसची टाकी फुटली असं समजून त्यांनी तो परत आत घेतला. बराच वेळ काहीच फुटलं नाही, तेव्हा ते वाळू तुडवत आले. आत तीस बाया शांतपणे भाकरीचे तुकडे मुलुखियात बुडवून खात होत्या.

साहेबही बसले. दोन वाट्या संपवल्या. मग त्यांनी विचारलं, "शहका कोणाचा होता?"

"आमचा," हाज्जा म्हणाल्या.

"आणि फोडणी कोणी ओतली?"

"मी," इन्शिराह म्हणाली.

"तू दिला नाहीस?"

"नाही."

साहेबांनी वाटी बाजूला सारली. मुलुखियावर शहका न देणारी बाई या गावाच्या स्वयंपाकघरात मी ठेवणार नाही, माझी आई कबरीत कूस बदलेल, असं म्हणून त्यांनी पेनाला टोपण लावलं. बाया उसळल्या. इन्शिराहने हाताने त्यांना बसवलं. कोणाला शब्द दिला होता, ते ती बोलली नाही. ती चूल पुसत राहिली, मान ताठ ठेवून.

डॉक्टर शहिनाज लाल झाली. ती उठेल असं कोणालाच वाटलं नव्हतं.

"साहेब, मनाई मी केली होती. लेखी. ही बाई शब्दाला जागली. आणि पहिलं पातेलं बिघडलं ते माझ्या कागदामुळे."

साहेबांनी टोपण काढलं. सही झाली. इन्शिराहने कागद घेतला आणि आपल्या नावावरून बोट फिरवलं, शाई ओली असतानाच, त्यामुळे शेवटचं अक्षर थोडं फरफटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात विद्यार्थिनी एकच होती. पांढऱ्या कोटाच्या बाह्या वर सारून तिने फोडणी ओतली आणि शहका दिला. उंदीर दिसल्यासारखा.

"असा नाही, डॉक्टरीणबाई," इन्शिराह म्हणाली. "भिऊन नाही घ्यायचा. ही भाजी मी केली, असा घ्यायचा. ओता परत."