नाना उतेकर आणि बायोचं दुःखद निधन

मृत्यूपुढे माणसाची वाचा बंद होते. आमच्या वाडीत ती साधारण पाऊण तास चालू राहते, आणि ती नाना उतेकरांची असते.

पोलादपूरहून कुडपणकडे चढणाऱ्या रस्त्यावर आमची वाडी आहे. कुणी गेलं की बाराव्या-तेराव्याला उत्तरकार्य होतं. मुंबईकर गाड्या करून येतात, मांडव पडतो आणि जेवणाआधी श्रद्धांजलीची भाषणं होतात. पुढारी आला तर पुढारी बोलतो, सरपंच बोलतो. नाना मात्र कुणी येवो न येवो, बोलतातच. त्यांची सगळी नोकरी महाडच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून गेली. खिडकीत बसायचं आणि माइकवरून गाड्या पुकारायच्या. निवृत्तीनंतर पुकारायला गाड्या राहिल्या नाहीत, म्हणून ते माणसं पुकारू लागले. "कैलासवासी गोविंदराव आज आपल्यात नाहीत, उपस्थितांनी याची नोंद घ्यावी," असं ते म्हणाले की मांडवातली निम्मी माणसं नकळत पिशव्या सावरीत.

नानांच्या भाषणात वाईट माणूस कधी मरत नसे. भांडकुदळ असेल तो स्पष्टवक्ता, चिकट असेल तो काटकसरी. एकानं शेजाऱ्याचा बांध दरवर्षी वीतभर सरकवत नेला होता. त्याचं मातीवर निस्सीम प्रेम होतं. शेजारी पहिल्याच रांगेत बसून ते ऐकत होता. मरणाची कारणंही नानांनी मोजकीच ठेवली होती: वृद्धापकाळ, अल्पसा आजार, हृदयविकाराचा तीव्र झटका. दारूनं गेलेल्यासाठी दीर्घ आजार. त्याच्याशी कैलासवासींनी शेवटपर्यंत झुंज दिलेली असे. "शेवटच्या घोटापर्यंत," असं मागून कुणीतरी हळूच म्हणे.

"कारण आधी सांगायचं, भाऊ," नाना मला समजावत. मी महाडच्या वाचनालयातून निवृत्त होऊन गावी आलो, तेव्हापासून या शास्त्राचा एकमेव विद्यार्थी मीच होतो. "गाडी कशानं रद्द झाली ते सांगितलं, की माणूस गप घरी जातो. नाय सांगितलं, तर खिडकीशी उभा राहतो."

त्यांची बायको गेली तेव्हा तिच्या उत्तरकार्यालाही तेच बोलले. अल्पशा आजारानं, पाऊण तास, एकदाही न अडखळता. वाडीनं ते भाषण नानांच्या दगडी काळजाचा पुरावा म्हणून जपून ठेवलं. मुलगा महेश विरारला निघून गेला आणि मे महिन्यापुरता येऊ लागला.

त्यानंतरच्या वर्षी मेंढी आली. खरं तर कोकणात मेंढी नसते. पावसाळा संपला की घाटावरचे धनगर कळप घेऊन उतरतात, कापलेल्या शेतांत बसवतात आणि पावसाच्या आत परत चढतात. अशा एका कळपातलं लंगडं कोकरू घाट चढेना, ते नानांच्या पडवीत राहिलं. "हितल्या पावसात जगायची न्हाई," धनगर म्हणाला. वाडीचंही तेच मत पडलं. नानांनी खताच्या गोणीचा रेनकोट शिवला. त्यातून मेंढी चालू लागली, की तिच्या पाठीवर 'हुक लावू नये' अशी सूचना ठळक अक्षरांत दिसे. तिनं तीन पावसाळे काढले. वाडीनं हे मनाला लावून घेतलं.

नाना तिला बायो म्हणत. ती त्यांच्या मागोमाग प्रत्येक उत्तरकार्याला यायची आणि मांडवाच्या खांबाशी बसायची. श्रद्धांजलीची दोन मिनिटांची शांतता सुरू झाली, की मध्येच कधीतरी बें करायची. लोक ती वेळ संपल्याची खूण समजून बसून घेत. पुढाऱ्यांनाही ते सोयीचं पडे.

भाषणाची तालीम पडवीत होई. माझ्या ओटीवर सगळं ऐकू यायचं.

"आपल्या सर्वांचे लाडके... लाडके नाय गो म्हणता यायचं त्याला, काय म्हणतेस? सुपरिचित म्हणू. सुपरिचित बरं. काय गो बायो, जागी हायस ना?"

या मे महिन्यात एका सकाळी बायो पडवीत मेलेली सापडली. आदल्या संध्याकाळी चरून आली होती, पाणी प्यायली होती, नानांच्या धोतराचं टोक चावलं होतं. अंगावर जखम नाही, तोंडाला फेस नाही. गोठ्याकडे जाणारी-येणारी माणसं थांबून कारणं देऊन गेली. घोणस चावली. फणसाची सालं बाधली. महाडच्या कारखान्यांकडचा वारा लागला. एका म्हातारीनं तर उतेकरांच्या वाईटावर असलेल्या दोन घरांची नावंच सांगितली.

नाना कुणालाही हो म्हणेनात. त्यांनी मला फोन करायला लावून पोलादपूरहून गुरांच्या डॉक्टरांना बोलावून घेतलं. डॉक्टर तरुण होते, भले होते. वाकून त्यांनी सगळं पाहिलं.

"वरून काही कळत नाही, नाना. कापून बघावं लागेल."

"कापायची नाय."

"मग कारण कसं सांगू?"

"अंदाजानं सांगा."

"अंदाजानं तुम्ही सांगता," डॉक्टर हसून म्हणाले. मग नानांचा चेहरा बघून त्यांनी आवरलं. "काळपुळीसारखं माणसालाही लागणारं काही असतं, तर मी स्वतःच कापू दिलं नसतं. त्यात जनावर ओढायचंही नसतं, खड्डा करून चुना टाकून खोल पुरायचं. पण नाकातोंडातून रक्त नाही. ते नक्की नाही. जातात कधी कधी अशीच."

डॉक्टर मोटारसायकलवर बसले आणि महेश घरातून बाहेर आला. हाफ पँट, हातात दोर, मागे त्याचे विरार-नालासोपाऱ्याचे चार मित्र. आमच्याकडे मेलेलं जनावर पायाला दोर बांधून रस्त्यानं ओढत नेतात आणि वळणावरच्या दरीत लोटून देतात. गाय असो, म्हैस असो, कितीही दूध दिलेलं असो. पुढचं काम कोल्हे करतात.

"बाबा, सरका. आम्ही टाकून येतो फटाफट."

"दोर नको. परसात पुरायची."

"मेंढीला कोण पुरतं? बाबा, लोक हसतायत आपल्यावर. ऑलरेडी सगळी वाडी हसते. मेंढीला घेऊन मयताला जाता तुम्ही."

"हसू दे."

"मला लाज वाटते!" महेश ओरडला. "आईला पोचवायला तुम्हाला वेळ नव्हता, भाषण लिहीत बसला होतात. आणि हिला खड्डा?"

अंगणात एव्हाना बरीच माणसं जमली होती. अशा वेळी न बोलता ऐकायची आमच्याकडे चांगली परंपरा आहे. महेश खाली बसला आणि त्यानं बायोच्या मागच्या पायांना दोराचा फास टाकला.

नाना पायरीवर चढले. घसा साफ केला. आणि स्टँडवरचा तो आवाज, जो मी महाडला असताना पार बाजारपेठेपर्यंत ऐकलेला आहे, अंगणात उमटला.

"सर्वांनी नोंद घ्यावी. आमची मेंढी आज सकाळी काळपुळीनं मरण पावलेली हाय. हा रोग माणसाला होतो. डॉक्टर सांगून गेलेत. दोर सोडून लांब उभं राहावं."

महेशनं दोर असा टाकला, जणू तोच चावला. मित्र फाटकाबाहेर गेले. माणसांनी पोरांना बखोट्याला धरून उचललं. मिनिटभरात अंगणात नाना, मी आणि बायो एवढेच उरलो. डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलेला दुसरा माणूस मीच. नानांनी माझ्याकडे बघितलं. मी कुदळ आणायला घरी गेलो.

खड्डा आम्ही दोघांनी खणला. त्या दिवशी तिला कुणी ओढलं नाही. नानांनी तिला लहान पोर न्यावं तसं दोन्ही हातांवर नेलं, आणि वजनानं वाटेत दोनदा खाली बसले. चुना टाकून झाल्यावर ते खड्ड्याच्या कडेला सरळ उभे राहिले. मीही राहिलो.

"आपल्या सर्वांची..." नाना म्हणाले. "बायो हिचे आज सकाळी... आज सकाळी..."

मी वाट बघितली.

"आज सकाळी," ते पुन्हा म्हणाले. मग फावडं उचलून माती ओढू लागले.

महेश दुसऱ्याच दिवशी बायको-मुलांना घेऊन विरारला गेला. सुट्टी अजून बरीच बाकी होती. निघताना नातू गाडीच्या खिडकीतून हात हलवत होता. सुनेनं तो हात आत घेतला आणि बाटलीतल्या पाण्यानं धुतला. दूधवाल्यानं नानांचं भांडं घ्यायचं बंद केलं, तो पायरीवर पिशवी ठेवून जाऊ लागला. वरच्या आळीत एक उत्तरकार्य झालं. नानांना आमंत्रण नव्हतं. श्रद्धांजली सरपंचांच्या भाच्यानं वाहिली, त्यात मयताचं नाव चुकलं, पण दोन मिनिटांची शांतता पूर्ण दोन मिनिटं झाली.

मी एकदा नानांना म्हटलं, "आता झालं. सांगून टाका, काळपुळी नव्हती म्हणून. महेशलाही कळवा. पोरं गणपतीला तरी येतील."

नाना परसाकडे बघत होते. तिथे त्यांनी काही लावलं नव्हतं, दगडही ठेवला नव्हता.

"सांगतो," ते म्हणाले. "मग विचारतील, कशानं गेली? तवा काय सांगू, भाऊ?"

 

पाऊस जवळ आल्यावर पोलादपूरहून दोन माणसं लसीची पेटी घेऊन आली. लस घटसर्पाची, दरवर्षीचीच. वाडीनं ती काळपुळीची समजली आणि एरवी बोलावूनही न येणारी माणसं गुरं घेऊन रस्त्याला रांगेत उभी राहिली. नानाही फाटकाशी येऊन उभे राहिले. स्वच्छ धोतर नेसले होते.

"जनावर आहे काय?" लसवाल्यानं विचारलं.

"नाय," नाना म्हणाले.

लसवाला पुढच्या घरी गेला.