एक लाख तीन वाती

दापोड्याच्या पार्वतीबाईंची लाखवात २००६च्या कार्तिकात पुरी झाली. नवऱ्याचं, बाळारामशेटचं, हृदयाचं ऑपरेशन सुखरूप पार पडलं तर महादेवाला लाख वाती वळीन, असं त्या बोलल्या होत्या. शेट बरे होऊन गोदामाच्या भाडेकरूंवर पूर्वीसारखे ओरडायलाही लागले होते. शंभर-शंभरच्या जुड्या बांधून झाल्या, तेव्हा मोजण्यात चुकलंमाकलं असेल म्हणून पार्वतीबाईंनी वर तीन वाती ठेवल्या आणि एक लाख तीन वातींवर उदक सोडलं.

उद्यापनाला सात सवाष्णी पाटावर बसल्या. सगळ्यींना सारखं वाण द्यायचं. सून उन्नती कॅल्क्युलेटर घेऊन बसली आणि म्हणाली, एक वात उरतेय.

शेजारच्या धोंडूबाई गावातल्या यच्चयावत व्रतांच्या जाणकार. त्याही पाटावर होत्या.

"वात उरली तं व्रत उरलं गो. पुढच्या साली परत लाख वळायच्या," त्या म्हणाल्या. उदक सोडल्यावर एक वात काढायची नाही की घालायची नाही, हेही त्यांनी बजावलं.

पार्वतीबाईंच्या बोटांना तर आत्ताच घट्टे पडले होते. मग बायका वाढवायचं ठरलं. आणखी चौघी बोलावल्या, तर दोन वाती उरायला लागल्या. आणखी दोघींना बसवून तेरा केल्या, तर सात. आळीतल्या एकवीस जणी जमल्या, शिऱ्याचं पातेलं दुसऱ्यांदा चढलं, आणि पुन्हा एक उरलीच.

शेवटी गोदामाच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसणाऱ्या पुतण्याला, हितेशला, फोन गेला. तो हसतच आला.

"काकी, ही मूळ संख्या हाय. कितीबी जनींत वाटा, सारखी जायाची न्हाय."

"शेवटी तीन हाय, तरी तिनानं पन न्हाय?"

"न्हाय."

पार्वतीबाई काळजी विसरून वातींच्या ढिगाकडे बघत राहिल्या. आपल्याच हातानं वळलेलं, आणि त्यात हे असलं काही बसलं असेल असं मनातही आलं नव्हतं. त्यांनी हळूच नमस्कार केला.

"मंग कुनालाच जात न्हाय का रं ती?"

"एकीला जाते. नायतर लाख तीन बायका बोलवा."

पार्वतीबाईंनी वातींची अख्खी परात धोंडूबाईंपुढे सरकवली. "वैनी, मानाच्या तुमीच. सगल्या तुमी घ्या."

वाणाच्या वाती घेणारीनं घरच्या साजूक तुपात भिजवून त्याच महिन्यात लावायच्या असतात. धोंडूबाईंनी परातीकडे बघितलं. त्यांच्या घरचं तूप बरणीभर होतं. मग त्यांना आठवलं, की त्यांच्या सासूबाई चुकल्यामाकल्याच्या वाती मोजणीत धरतच नसत. त्या घरच्या देवापुढे लावत.

तीन वाती देव्हाऱ्यात गेल्या. राहिल्या बरोबर लाख. उन्नतीनं पुन्हा हिशेब केला. वीस जणींना पाच-पाच हजार, एकही न उरता.

पाटावर एकवीस जणी होत्या.

सगळ्यींनी एकमेकींकडे बघितलं, मग धोंडूबाईंकडे. गुडघ्यावर हात टेकून त्या उठल्या.

"मी काय वान घ्यायला आले न्हवते," त्या म्हणाल्या, आणि शिरा खाली लागतोय का ते बघायला आत गेल्या.