कॅन्टीनच्या सुपात लोखंड

कारखान्याच्या कॅन्टीनचे मुख्य आचारी छाती ठोकून सांगत, "वजनकाटा चुकेल, माझी जीभ चुकायची नाही!" आणि खरंच, पातेलंभर सुपात मिरीचे चार दाणे कमी पडले तरी ते एका थेंबावरून ओळखत.

पण पोटाने दगा दिला. आठवडाभर जुलाब आणि कळा! तपासणीत आमांशाचे जंतू निघाले. डॉक्टरीणबाईंनी सात दिवसांच्या मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या दिल्या, वर भरपूर सूचनाही दिल्या. आचाऱ्यांनी त्यातलं "जेवणानंतर" तेवढं ऐकलं आणि उठले.

तिसऱ्या दिवशी पोट तान्ह्या बाळासारखं शांत निजलं. खुशीत त्यांनी सूप चाखलं आणि किंचाळले, "ह्यात गंजका खिळा कोणी टाकला?"

खिळा काही सापडेना. दुसरं सूप चढवलं. पुन्हा लोखंड! पातेलं बदललं, मीठ बदललं, पाणीसुद्धा बदललं. तिसरं सूप मोरीकडे निघालं तेव्हा बाहेर दोनशे कामगार ताटं बडवत होते.

"थांबा!" भांडी घासणाऱ्या मावशींनी पातेल्याचा कान धरला. थेंबभर तळहातावर घेऊन चाखलं. "झकास आहे की! मीठ चिमूटभर कमी. तुम्ही काही औषध घेताय का?"

आचाऱ्यांनी खिशातून गोळ्यांचा खोका काढला. मावशींनी आतला कागद खणखणीत आवाजात वाचला, "तोंडाला धातूसारखी चव येऊ शकते. मद्यपान टाळावे."

"मग गोळ्या आजपासून बंद! पोट बरंय माझं."

"खबरदार! माझ्या जावयाने अर्ध्यात सोडल्या, महिन्याभरात पुन्हा आडवा झाला. डॉक्टर म्हणतील तेवढ्या संपवा. तोवर चव मी बघते."

आचाऱ्यांनी नाइलाजाने पळी हातात दिली. मावशी ना डोळे मिटत, ना जीभ टाळ्याला लावत. एक थेंब, की लगेच निकाल: "लिंबू." "अजून दोन उकळ्या." आणि ताटं चाटूनपुसून परत येत! ही जीभ इतकी वर्षं मोरीपाशी बसून होती आणि आपण कधी विचारलंसुद्धा नाही, हे आचाऱ्यांच्या मनाला चांगलंच लागलं.

गोळ्या संपल्या, जंतू गेले, दोन दिवसांनी चवही परतली. आचाऱ्यांनी ऐटीत एकट्याने सूप केलं. पहिल्याच कामगाराने घोट घेतला आणि खिडकीतून काळजीने विचारलं,

"काय हो, आज मावशी आजारी आहेत का?"

आचाऱ्यांनी पातेलं मुकाट्याने आत ओढलं आणि हाक मारली, "मावशी, जरा इकडे येता का?"